फिरतं पाकीट

माझ्या मामाला घरात सगळे ठोकळा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तो ओ देत असे. दातांच्या कवळ्या बनवण्यात त्याचा जन्म गेला. हसणं मात्र त्याला जमलं नाही. धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, गेली त्या दिवशी त्यानं सगळ्यांसमोर कारखान्यात फोन करून सांगितलं, की वरची एक कवळी आज तयार होणार नाही. नातेवाइकांनी एकमेकांकडे पाहिलं. मला तर त्याचा संताप आला होता.

कागदावर मात्र हाच माणूस पाठपोट दोन पानं लिहायचा. आई थोरली, मामा मधला, मावशी धाकटी, तिघं तीन गावांना. तिघांत एकच पाकीट फिरायचं. पाकीट आलं की दुसऱ्या दोघांची पत्रं वाचायची, आपलं जुनं काढून घ्यायचं, नवं घालायचं आणि आठ दिवसांत पुढे धाडायचं. दुसऱ्याच्या पत्राला हात लावायचा नाही, ज्याचं त्यानं काढायचं. असं चाळीस वर्षं चाललं. कारखान्यांचे संप, पाण्याची टंचाई, घरात आलेला पहिला टीव्ही, माझं गणितात नापास होणं, सगळं त्या पाकिटातून गावोगाव हिंडून आलं. मोबाइल आले तरी पाकीट थांबलं नाही.

या शहाण्यांच्या एक गोष्ट कधी लक्षात आली नाही. प्रत्येकाकडे चाळीस वर्षांची पत्रं साठली, पण फक्त स्वतःचीच.

मावशी अचानक गेली तेव्हा पाकीट मामाकडे होतं. आत तिचं शेवटचं पत्र. ‘दादा, खालचे दोन दात हलतायत. कवळी लावायचीच तर तुझ्या हातची. मापाला कधी येतोस?’ तेराव्या दिवशी मामानं आपलं नवं पत्र घातलं आणि पाकीट आईकडे पाठवलं. मावशीचं पत्र आतच. आईनंही ते काढलं नाही. दोन वर्षं ते पत्र दोघांमध्ये ये-जा करत राहिलं. घड्या विरल्या तेव्हा आईनं मागून पातळ कागद चिकटवला.

मामाच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ असायची. ‘धाकटे, पुढच्या महिन्यात मापाला येतो.’ आई ती वाचायची आणि आपलं पत्र लिहायला घ्यायची. मी एकदा म्हटलं, ‘अगं, त्याला डॉक्टरकडे तरी ने.’ आई म्हणाली, ‘लिहू दे त्याला. तुझं काय जातंय?’

मग मावसबहिणीचा फोन आला. तिच्याकडे तिच्या आईची, म्हणजे मावशीची, सगळी पत्रं होती, एवढं एकच नव्हतं. तिला ते हवं होतं. हक्क तिचाच होता, तरी मला ती कावेबाज वाटली. मी तिच्यासोबत मामाच्या कारखान्यात गेले. मामा गुलाबी मेण तापवून साच्यावर बसवत होता.

‘खणात आहे. घे,’ तो मान वर न करता म्हणाला.

तिनं पत्र काढलं. मग तिचाच पाय निघेना. ‘मामा, तुमच्याकडे आईच्या हातचं दुसरं काही आहे?’

‘नाही.’

‘मग राहू दे ना हे तुमच्याकडे.’

‘तुझी आई ती. घेऊन जा.’

‘झेरॉक्स काढून देऊ?’

‘कशाला? पाठ आहे.’

त्यानं मेणाची कड सुरीनं सारखी केली आणि आमच्यासाठी चहा सांगितला. वाटेत मावसबहीण म्हणाली, ‘बघ, किती सहज दिलं.’ मलाही तसंच वाटलं. हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पंधरा दिवसांनी पाकीट आईकडे आलं. मी भाजी निवडत होते. आईनं मामाचा कागद उलगडला, उलटून मागची बाजू पाहिली, पाकिटात पुन्हा बोटं घालून पाहिली आणि कागद माझ्यापुढे धरला. एकच ओळ होती.

‘ताई, आपली धाकटी गेली गं.’

आईनं कपाटावरची बॅग खाली काढली. ‘दुपारची गाडी किती वाजता असते बघ,’ म्हणाली. ‘त्याला आज कळलंय, आणि तो एकटा आहे तिथं.’