कालवणाखालचा फ्लॉवर

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, साखर खाली येत नाही तोवर मोतीबिंदूचं ऑपरेशन नाही. आता माझ्या सासऱ्यांची साखर खाली येणार कशी? तांदळाची भाकरी, भात आणि परत भात, हे त्यांचं जेवण. घरची भातशेती गावासकट विमानतळात गेली, आम्ही करंजाड्याच्या सोसायटीत आलो, पण पोटाला ते कोण सांगणार! खिडकीच्या ग्रिलला त्यांनी स्वतः विणायला घेतलेला पाग लटकत होता. पाग म्हणजे खाडीत फेकायचं गोल जाळं. गाठी दिसेनाशा झाल्या म्हणून तो अर्ध्यावरच राहिला होता, आणि ते रोज त्याच्यावरून नुसता हात फिरवायचे. मला ते बघवायचं नाही.

मी साताऱ्याकडची, आवाज खणखणीत. लग्न होऊन आले तेव्हाच त्यांना माणसं धुरकट दिसायला लागली होती. मला ते ओळखायचे ते आवाजावरूनच.

मोबाइलवर एक लो-कार्ब रेसिपी सापडली. फ्लॉवर उकडायचा, घोटायचा, त्यात बटर, दूध, मिरपूड. झाला भाताला पर्याय! मी हौसेने केला आणि वर सासूबाईंचं बोंबलाचं कालवण वाढलं. सासऱ्यांनी कालवून एक घास खाल्ला.

"बरा लागतं. काय घातलंस गो?"

"बटर आणि वाटीभर दूध!" मी ऐटीत सांगितलं.

त्यांचा हात ताटातच थांबला. सासूबाई ओट्यापासून ओरडल्या, "अगो बाय माजे! म्हावऱ्यावर दूध? आंगावर कोड उठंल!"

"काही उठत नाही हो!" मीही आवाज चढवला. पण सासरे हात धुऊन उठलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी ताटात पुन्हा भाताचा डोंगर. मला असा संताप आला की भांडी आपटत घासली. फ्लॉवरचं जाऊ दे मसणात, पण माणूस आंधळा होऊन बसेल त्याचं काय?

सासूबाईंनी ती आदळआपट ऐकली असावी. संध्याकाळी त्यांनी स्वतःच फ्लॉवर पुढ्यात ओढला. "पान्यात उकडू नको, गिचका होतं. वाफव." वाफवलेला फ्लॉवर त्यांनी फडक्यात बांधून, खोबऱ्याचा चव पिळतात तसा पिळला. दुधाच्या जागी नारळाचा घट्ट रस घातला, रवीने घोटला आणि वरून ठेचलेल्या लसणीची फोडणी दिली. कालवण त्यात छान मुरलं. मी वाटीत घेऊन चाखलं. खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा शंभरपट चांगला झाला होता.

"खाऊन बघा," मी सासऱ्यांपुढे ताट ठेवलं.

त्यांनी मुकाट्याने खाल्लं. "दिसत नाय तेच बरा," एवढंच म्हणाले, "भात समजून गिलतो."

तेव्हापासून रोज फ्लॉवर. कधी कंटाळून ताट सरकवायचे, मी "बाबा!" म्हटलं की परत ओढून घ्यायचे. साखर हळूहळू उतरली, डॉक्टरांनी तारीख दिली, ऑपरेशनही नीट पार पडलं.

पट्टी निघाल्यावरचं पहिलं जेवण. मी फ्लॉवर वाढला खरा, पण मनात म्हटलं, आता स्वच्छ दिसतंय, आता भात मागणार आणि सगळं मुसळ केरात. त्यांनी ताट नीट न्याहाळलं.

"हा भात नाय."

"नाही, बाबा."

मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा ते पहिल्यांदाच स्पष्ट बघत होते. मी ओशाळून हसले.

"तू रागावलेली नायस गो?"

"मी? मी कशाला रागावू?"

"आवाजावरून वाटायचा, पोर सदा रागावलेली हाय. म्हनून गुपचूप खात होतो."

मला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही. शेजारी सासूबाई पदर तोंडाला लावून खदखदत होत्या.

"मग आता भात वाढू?" मी मुद्दाम विचारलं, तेही जमेल तितक्या हळू आवाजात.

त्यांनी एकदा ग्रिलवरच्या पागाकडे पाहिलं आणि ताट माझ्यापुढे केलं. "नको. तुजा फ्लावरच वाढ. आता बघून खातो."