चॉकलेटच्या कागदावर वाचलेलं

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. बहिणीला नाही, मुलालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, ते मला नीट कळलेलं नाही — सांगतेय, एवढं खरं.

सुरुवात कुठून करू? चॉकलेटपासून करते. ऐकायला किती किरकोळ वाटतं ना — चॉकलेट.

नव्वदीची वर्षं. कोपरखैरण्यात आम्ही नव्याने राहायला आलो होतो. घरं बैठी, भिंतीला भिंत लागून. पलीकडच्या घरात जुबेदा राहायची, मूळची श्रीवर्धनकडची. नवरा युसूफ मस्कतला एका हॉटेलच्या कोठारात कामाला. वर्ष-दीड वर्षाने महिनाभर यायचा. मुलगी नाझनीन, पहिलीतली. पोर इतकी हडकुळी, की युनिफॉर्मचा पट्टा शेवटच्या भोकात अडकवला तरी सैलच. डॉक्टर म्हणाले होते, आजार काही नाही, खायला घाला. पण ती खायचीच नाही. जुबेदा घास हातात घेऊन घरभर तिच्या मागे फिरायची.

जुबेदा माझी मैत्रीण होती. हा शब्द वापरायचा हक्क मला उरला आहे का, ठाऊक नाही. दुपारी आम्ही दोघी दारात बसून भाजी निवडायचो. ती मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. अरबी अक्षरं तिला झरझर वाचता यायची, अर्थ कळायचा नाही. इंग्रजी तर नाहीच. मी मात्र गृहविज्ञान घेऊन पदवीधर. त्यामुळे औषधाची बाटली असो, शाळेची नोटीस असो, ती माझ्याकडे यायची. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

आणि मला तिचा हेवा वाटायचा — हे आधीच सांगायला हवं होतं.

माझा नवरा तुर्भ्याच्या कारखान्यातून रोज साडेसहाला घरी येई. जेवे, बातम्या बघे, झोपे. चांगला माणूस, मला तक्रारीला जागा नव्हती. पण जुबेदा शुक्रवारी डोक्यावरून न्हायची, ठेवणीतला ड्रेस घालायची आणि कोपऱ्यावरच्या पीसीओत जाऊन बसायची, मस्कतहून फोन यायचा म्हणून. पाच मिनिटांचा फोन. परत यायची तेव्हा तिचा चेहरा — कसं सांगू? आत दिवा लागल्यासारखा. मी कुणासाठी कधी अशी न्हायले होते? माझी वाट बघत दूर कुणी बसलं होतं का?

एकदा युसूफच्या गावचा एक माणूस सुट्टीवर येताना पिशवी घेऊन आला. पिशवीत सोळा चॉकलेटं, तळहातापेक्षा मोठी, जाडजूड. आपल्याकडच्या चॉकलेटांवर तेव्हा काही लिहिलेलं नसायचं. ह्यांच्या मागे मात्र तक्ता होता — शंभर ग्रॅममागे हे इतकं, ते इतकं. त्यातल्या एका कागदावर युसूफने निळ्या पेनाने तीन ओळींखाली रेघा मारल्या होत्या. एनर्जी. प्रोटीन. कॅल्शियम. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, नाझनीन दूध पीत नाही, तर रोज शाळेतून आली की हे दे. ह्यात काय ताकद आहे ते मी विचारून खुणा केल्यात, शेजारच्या वहिनींकडून वाचून घे.

माझा उल्लेख करून लिहिलं होतं त्याने. म्हणजे बघा.

दोन दिवसांत नाझनीनने दोन चॉकलेटं संपवली होती. न सांगता, न रडता खाल्लेली बहुधा पहिलीच गोष्ट. दुपारी आम्ही मटाराच्या शेंगा सोलायला बसलो, तेव्हा जुबेदा तो खुणांचा कागद घेऊन आली. "वहिनी, ह्याच्यात काय काय हाय, सगळं सांगा." वार मंगळवार होता, पण चेहरा शुक्रवारचा होता.

मी कागद घेतला. पाचशेच्या वर कॅलरी. प्रथिनं सात-आठ ग्रॅम. कॅल्शियम चांगलं. त्या पोरीला जे हवं तेच सगळं. खाली बारीक अक्षरांत घटक होते — दूध, साखर, कोकोचं लोणी, बदाम. मी सगळं वाचलं. मग युसूफने रेघ न मारलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"ह्यात फॅट आहे," मी म्हटलं.

"फॅट म्हणजे?"

"चरबी."

हे खोटं होतं का? शब्दकोश काढलात तर नाही. पण आहारशास्त्राच्या पेपरात मी कितीदा तरी 'स्निग्ध पदार्थ' असं लिहून मार्क मिळवले होते. दूध, तूप, लोणी, तेल — सगळं त्यातच येतं. कुठला शब्द कुणापुढे टाकतेय, हे मला पक्कं माहीत होतं.

जुबेदाचा हात शेंगांवर थांबला. तिने विचारलं, "कशाची?"

इथे — इथे मला थांबता आलं असतं. 'दुधातली' एवढं म्हणायचं होतं. एक शब्द.

"ते काही लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "बाहेरचा माल आहे, काय सांगावं."

ती सावकाश म्हणाली, तिकडच्या दुकानांत डुकराचं काही ठेवणार नाहीत. त्यावर मी म्हटलं, तिकडे गोरे लोकही राहतात, त्यांच्यासाठी सगळंच ठेवत असतील. आवाज चढवला नाही, घाई केली नाही. शेंगा सोलत सोलत म्हटलं.

मला चॉकलेट हवं होतं का? हो, तेही. पण त्याहून जास्त मला तो दिवा विझलेला बघायचा होता. विझला.

ती घरी गेली. भिंतीपलीकडून नळाचा आवाज येत राहिला. ती नाझनीनला चुळा भरायला लावत होती, एकामागून एक, आणि आपण काय केलं ते न कळून पोर रडत होती. संध्याकाळी जुबेदा पिशवी घेऊन दारात आली. अन्न टाकवत नाही, तुमच्यात चालत असेल तर तुम्ही खा, म्हणाली. चौदा चॉकलेटं. मी घेतली. डब्यांच्या मागे ठेवली आणि दुपारी दाराला कडी लावून एकेक करून संपवली. चांगली होती. फार चांगली होती.

शुक्रवारी पीसीओतून ती तडक माझ्याकडे आली. युसूफ फोनवर रडला म्हणे. आपल्या हाताने पोरीला काय खायला घातलं, म्हणाला. मग त्याने विचारलं, नीट वाचलं का, कुणी वाचलं?

"मी सांगितलं त्यांना," जुबेदा म्हणाली, "वहिनी शिकलेल्या हायेत. त्या चुकीचं सांगायच्या नाहीत."

ती माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, चहा टाकू का.

पुढच्या फोनवर युसूफने सांगितलं, दुकानदार शपथेवर म्हणतोय की ह्यात तसलं काही नाही. पण जुबेदाच्या मनात एकदा शंका शिरली ती शिरलीच. त्याने पुन्हा कधी चॉकलेट पाठवलं नाही. ईदला तो आला तेव्हा पिशवी उघडताना मी तिथेच बसले होते. ब्लँकेट निघालं, टॉर्च निघाला, अत्तर निघालं. नाझनीनने हात खांद्यापर्यंत आत घालून तळ चाचपला, मग पिशवीची चेन लावली. युसूफ दुसरीकडे बघत राहिला. नंतर त्याने मला एक अत्तराची बाटली दिली. तुम्ही ह्यांची काळजी घेता म्हणून, म्हणाला.

पुढे माझ्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला गल्लीतली सगळी पोरं आली. नाझनीन तेव्हा चौथीत असेल; अजून तशीच बारीक. मी चॉकलेटचं ताट पुढे केलं, तर तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"त्यात चरबी असते," ती हसून म्हणाली. "तुमीच सांगितलेलं ना, मावशी?"

पंधरा-वीस माणसं होती घरात. फुगे लावलेले, मुलगा कडेवर. मी म्हटलं, हो.

त्या मे महिन्यात त्या दोघी गावी कायमच्या राहायला गेल्या. निघताना जुबेदा माझ्या गळ्यात पडून रडली. वहीच्या पानावर तिने आपल्या गोल अक्षरांत पत्ता लिहून दिला आणि पत्र टाका म्हणाली. तिची आठवण येते. दुपारी तर फार येते. नाझनीन आता कशी दिसत असेल, अंगाने भरली असेल का, असं मनात येतं आणि मी दुसऱ्या कामाला लागते.

पत्ता आहे माझ्याकडे. पत्र मी टाकलेलं नाही.