गाणं संपल्यावरचा सूर

आधी अक्कांचं सांगतो. मी ज्यांच्या खोलीत भाड्यानं राहतो त्या घरमालकीण. आमच्याच टॉवेलच्या कारखान्यात त्या कांड्या भरतात, म्हणजे मागासाठी नळ्यांवर सूत गुंडाळतात. त्या नसत्या तर माझ्या कानांचं काय झालं असतं, कोण जाणे.

मी सिरोंच्याकडचा, तेलंगणाच्या सीमेवरचा. नववीत शाळा सोडली आणि इतक्या लांब सोलापूरला मागावर आलो. तिकडे तेलुगू कानावर असते आणि अक्कांच्या घरातही तीच बोलतात, म्हणून अक्कांनी खोली दिली.

गाण्यांचा नाद फोननं लावला. एक गाणं संपलं की तो आपणच दुसरं लावतो, तसा एकदा एका परदेशी अल्बममध्ये जाऊन पडलो. कव्हर नुसतं गुलाबी, धुरकट. त्यातली गिटार ही गिटार आहे हेच मला बरेच दिवस कळलं नाही. वाटलं, यांनी गाणं मागाच्या शेडमध्ये बसून भरलं की काय! त्या घोंघाटामागं एक बाई गाते, ओल्या चादरीआडून बोलावं तशी. शब्द कळत नाहीत. इंग्रजी येणाऱ्यांनाही कळत नसणार, याचं मला बरं वाटायचं.

दुसरा अल्बम निळा. गाणारा अर्धवट झोपेतून उठवल्यासारखा, आणि ढोल इतका सावकाश की पुढचा ठोका पडतो की नाही याचीच धास्ती. भीती वाटायची, तरी ऐकायचो.

तिसऱ्यात शब्दच नाहीत. शेवटी एकच सूर बारीक होत होत जातो. तो सगळ्यात आवडता. तो ऐकताना आई आठवायची, पण रडू यायचं नाही.

एका सुट्टीला पायरीवर बसून तोच लावला होता. अक्का बाजूला तांदूळ निवडत होत्या.

“बंद कर की रे ते. तारेनं पातेलं घासल्यासारखं नुसतं!”

थोड्या वेळानं म्हणाल्या, “आता कशाला डोळे मिटून बसलास?”

“संपू दे की अक्का, थोडंच राहिलंय.”

“अयिपोयिंदि रा! कधीच संपलं. फोन बघ तुझा.”

फोन काळा पडला होता. सूर मात्र चालूच होता, बारीक, तस्साच.  काय लांबलचक शेवट केलाय, असं म्हणत मी कित्येक दिवस त्या अल्बमला नावाजत होतो, आणि तो शेवट माझ्याच कानात वाजत होता.

अक्का हसत होत्या, त्या थांबल्या. त्यांच्या मालकांशी, म्हणजे नवऱ्याशी, आम्ही सगळे ओरडूनच बोलतो. मागावर असताना त्यांचंही असंच सुरू झालं होतं म्हणे.

“दवाखान्यात चल उद्या.”

“नको अक्का. मुकादमाला कळलं तर काढून टाकतील.”

मागावर डोळ्याइतकंच कानानं काम चालतं. काही बिघडलं की मागाचा ताल बदलतो, तो ऐकून आम्ही धावतो. कान गेले की काम गेलं. आणि आई तर मला फक्त फोनवरच भेटते.

“काढू दे. आमचं माणूस बघ, जन्मभर ‘काय गं, काय गं’ करतंय.”

सकाळी कामावर खाडा करून त्या माझ्याबरोबर आल्या. मला एका बंद खोक्यासारख्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. तिथली शांतता! आवाज यंत्राचा की माझा, हेच कळेना.  काचेपलीकडे बाकावर अक्का दिसत होत्या, म्हणून पळालो नाही.

डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज ऐकायची कानांची ताकद उतरलीय, ती परत येणार नाही. उरलंय ते जपा. मागावर कानात बोळे घाला, फोनचा आवाज कमी ठेवा.

मुकादम म्हणाला, “बोळे घालून माग चालवणार? धागा तुटलेला काय स्वप्नात दिसणार तुला?”

अक्का कांड्यांवरून उठून आल्या. “डोळे आहेत त्याला. कान तुम्ही परत देणार असाल तर सांगा, आत्ता बोळे काढायला लावते.”

मुकादम पुटपुटत गेला. काम राहिलं. आता मी मागाच्या लाकडावर हात ठेवून ताल बघतो.

अल्बम अजून ऐकतो, हळू आवाजात. तो सूर गेलेला नाही. कधीकधी दचकून फोन बघतो, चालू आहे की बंद.

हल्ली अक्कांना सूत दोन-दोन दिसतं. दवाखान्याचं नाव काढलं की “मला काय झालंय!” म्हणतात. पण एक दिवस मी त्यांना नेणारच. खाडा मी करीन, आणि त्या बाहेर येईपर्यंत बाकावरून उठणार नाही.