गाडीखालचं बावखल

फी घेऊन लोकांना ‘काही करू नका’ असं सांगणारा माणूस अख्ख्या वसई-विरारमध्ये एकच आहे आणि तो माझा साडू आहे, हे मी छाती फुगवून सांगतो. धंदा पर्यावरण सल्लागाराचा. म्हणजे तळी, खाजणं, पाणथळ जागा बिघडल्या की पूर्ववत कशा करायच्या ते सांगायचं. आमच्या आईला हे आजतागायत कळलेलं नाही. ते आले की ती मोगऱ्याचं रोप मागते आणि तेही बिचारे आणून देतात. चालताना नजर कायम जमिनीवर. मनवेलपाड्यात भाचीच्या लग्नात वरात दारात आली तरी हे गटाराकाठी उकिडवे बसून गोगलगाय बघत होते. एकदा एका सोसायटीने वृक्षारोपणाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. बॅनर लागलेला, खड्डे खणलेले. साहेबांनी मोकळं रान एकदा नीट पाहिलं आणि म्हणाले, इथे टिटवी जमिनीवर अंडी घालते, झाडं लावलीत तर ती जाईल. शेवटी रोपं हातात धरून फोटो तेवढे काढले आणि भरलेला टेम्पो तसाच परत गेला. सत्काराचा नारळ मात्र यांनी घरी आणला.

माझी वेळ आली तेव्हा हाच माणूस उलटा बोलला. गिरीजला आमची केळीची वाडी. वाडीतलं बावखल, म्हणजे पावसाचं पाणी साठवून मुरवणारं आमच्याकडचं जुनं तळं, मीच डेब्रिज टाकून बुजवलं होतं. गाडी लावायला जागा हवी होती ना! काही वर्षांत विहिरीचं पाणी मचूळ झालं, केळीच्या पानांच्या कडा करपल्या आणि घरात वाडी विकायची भाषा सुरू झाली. आईने तर जेवण टाकलं. तेव्हा साडूंना बोलावलं. त्यांनी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि तीन दिवस वाडीत नुसते बसून राहिले. आमच्या हिला वाटलं, बहिणीशी भांडून आलेत. चौथ्या दिवशी माझ्याकडे न बघता म्हणाले, “साडूभाऊ, तुमचं गोडं पाणी त्या गाडीखाली आहे.”

राग आला, खोटं कशाला बोलू? आपली चूक पाहुण्याने दाखवलेली कुणाला आवडते? पण खणलं. खणल्यावर मला सिमेंटचा तळ हवा होता, मधोमध कारंजं हवं होतं. पाणी मग मुरणार कुठून, असं विचारून त्यांनी दोन्ही मोडीत काढलं. पहिल्या पावसाळ्यात काहीच फरक पडला नाही, आळीतले हसले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर आईने विहिरीच्या पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, थांबली आणि म्हणाली, “गोड झालं रे.” मला रडू आवरेना.

साडूंना बोलावून मी अख्ख्या आळीत मिरवलं. ते बावखलात पाय सोडून बसले होते. मी विचारलं, तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना? म्हणाले, “नालासोपाऱ्याला आमचंही होतं. वडिलांनी बुजवलं तेव्हा डंपरला वाट मीच दाखवली. आता त्यावर आमची बिल्डिंग आहे.”

जाताना त्यांनी विहिरीचं पाणी बाटलीत भरून मागितलं. वडील आता अंथरुणाला खिळलेत, त्यांना पाजायचं होतं.