उजव्या पायातला काळा दोरा

आमच्या आईला चारचाकी लागते. लागते म्हणजे हवी असते असे नव्हे. काचा वर झाल्या की तिला मळमळते आणि पुढच्या फाट्यावर गाडी थांबवून तिला उतरवावे लागते. एसटीतही तीच तऱ्हा. त्यामुळे मणक्याच्या व्यायामासाठी सोमवारी आणि गुरुवारी तिला शेळगावहून बारामतीला न्यायचे तर एकच वाहन उरत होते: माझी मोटारसायकल. मी तिच्यावरून पंधरा वर्षे शाळेत गेलो, आणि माझ्याबरोबर निवृत्त व्हायला ती तयार नव्हती.

डॉक्टर म्हणाले होते, खंड पाडू नका. पडला तर आजी अंथरुणावरून उठणार नाहीत. पण बारामतीत तासाभरात मोकळी झालेली कंबर घरी पोचेपर्यंत पुन्हा आखडायची. गाडीच्या पुढच्या शॉकअपमधले तेल गळून गेले होते. शॉकअप म्हणजे चाकाला दोन्ही अंगांनी धरणारे दोन पाय. त्यांच्यात स्प्रिंग असते आणि तेल असते. तेल गेले की गतिरोधकावर लोखंड लोखंडावर आपटते आणि तो दणका मागे बसलेल्याच्या मणक्यात जातो.

आमच्याकडे गतिरोधक हा रहदारीपेक्षा मानाचा विषय आहे. ज्याच्या दारात तो नाही तो पुढारी कसला? पद मिळाले की आधी फ्लेक्स लागतो, मग कमान उभी राहते, मग डांबराचा उंचवटा. त्या वाटेवरचे सगळे उंचवटे आईला मालकांच्या नावानिशी पाठ होते. सर्वांत उंच होता तो एका माजी सभापतींच्या बंगल्यासमोर. तो आला की आई त्यांच्या मागच्या दोन पिढ्यांचा उद्धार करायची.

एका गुरुवारी ती गाडीवरून उतरली, ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “मास्तर, आता मी न्हाय यायची. तितं कंबर बसवायची आन् वाटंत मोडायची. त्यापरीस हितंच पडलेली बरी.”

नोकरी लागल्यापासून ती मला मास्तर म्हणते. सरकारने निवृत्त केले, तिने केलेले नाही.

“सोमवारपर्यंत गाडी नीट करतो,” मी म्हणालो.

“आन् न्हाय झाली तर?”

“तर तू म्हणशील तसं.”

ती काय म्हणणार ते मला ठाऊक होते. तिने शब्द मागे घेतल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

बारामतीतल्या एका गॅरेजात त्याआधी दोनदा सील बदलून झाले होते. सील म्हणजे तेल आत आणि धूळ बाहेर ठेवणारी रबराची कडी. दोन्ही वेळा महिन्याभरात तेल गळू लागले, आणि दोन्ही वेळा उजव्याच पायातून. कारण विचारले तर तिथला माणूस म्हणाला, “वय झालंय सर,” आणि गाडीऐवजी माझ्याकडे बघितले. तिसऱ्यांदा तिथे जायचे नाही, हे तेव्हाच ठरले. एका माजी विद्यार्थ्याकडून दुरुस्तीच्या इंग्रजी पुस्तिकेची झेरॉक्स मिळवली. पुस्तकात असते ते करता येते यावर माझा पहिल्यापासून विश्वास आहे, आणि त्याची शिक्षाही मी वेळोवेळी भोगली आहे.

शनिवारी सकाळी अंगणात गाडी मोठ्या स्टँडवर चढवली, इंजिनाखाली लाकडी ठोकळा सारला आणि पुढचे चाक अधांतरी केले. चाक काढले, मडगार्ड काढले. दोन्ही पाय ओढून बाहेर घेतले आणि एका शालीवर आडवे ठेवले. निवृत्तीच्या वेळी माझे इतके सत्कार झाले की शालींना कपाट पुरेना. त्यातल्या एकीनेही कधी थंडी अडवली नव्हती. तेल मात्र चांगले टिपले.

उजवा पाय पुसताना त्याला गुंडाळलेला काळा दोरा हाताला लागला. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून आईने तो अमावास्येला बांधला होता, तान्ह्या मुलाच्या पायात बांधतात तसा. आणि बांधला होता नेमका तिथे, जिथे चकचकीत पाइप सीलमध्ये खालीवर सरकतो. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणून टाकलेली माती तेलात भिजून त्याच्यात गच्च बसली होती. दोऱ्याची कानस झाली होती. प्रत्येक खड्ड्यात ती पाइप खरवडत होती आणि खरवडलेला पाइप सील खात होता.

गॅरेजवाल्याने सील बदलताना दोन्ही वेळा तो दोरा सोडला होता आणि काम झाल्यावर नमस्कार करून पुन्हा तिथेच बांधला होता. मी शेजारी उभा राहून हे पाहिले होते आणि मनात त्याचे कौतुकही केले होते. अंधश्रद्धेवर शाळाशाळांतून व्याख्याने दिलेला मी. पण हा दोरा आईचा होता, म्हणून तो मला दिसलाच नव्हता.

दोरा कापून खिशात टाकला. पाइपवरचे ओरखडे नखाला जेमतेम लागत होते. बारीक पॉलिश पेपरने ते हळूहळू घालवले, नवी सीले बसवली, खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून दोन्ही पायांत सारखे तेल भरले. यात शनिवार गेला.

रविवारी दोन्ही पाय हँडलखाली सारख्या उंचीवर चढवले. बोल्ट, मडगार्ड, चाक. ब्रेकच्या खाचेत खुंटी बसल्याची दोनदा खात्री केली आणि चाकाच्या एक्सलचा नट अंगात होती तेवढी ताकद लावून आवळला. मग ठोकळा काढून हँडल दाबले. गाडी ढिम्म. आधी आपटत होती, आता वाकेचना.

समोरच्या लिंबाखाली वस्ताद सकाळपासून बघत बसले होते. तरुणपणी कुस्त्या केल्या, नंतर चौकात गॅरेज चालवले, हात थरथरू लागल्यावर पाने ठेवून दिले. तालमीतलाही वस्ताद आणि इंजिन खोलणाराही वस्ताद, त्यामुळे धंदा बदलला तरी त्यांना नाव बदलावे लागले नाही.

“गुरुजी, जोर काढलं का?”

“लावला की सगळा जोर. नट आता हलत नाही.”

“तुमचा न्हवं वो. गाडीचं जोर!” ते उठून जवळ आले. “तालमीत आल्या आल्या कुणी कुस्ती धरतं का? आधी जोर मारायचं, अंग मोकळं करायचं. तुमी तिला तशीच आवळून ठिवलीया. दोन पाय येकमेकाकडं पाठ फिरवून बसल्यात. हलतील कसं?”

“पुस्तकात असं काही नाही.”

“बगा बरं नीट.”

होते. पानाच्या तळाशी एक ओळ होती: एक्सल आवळण्याआधी पुढचा भाग काही वेळा दाबून घ्यावा. तिच्याखाली माझ्याच पेन्सिलीची रेघ होती. नुसत्या रेघा मारून धडा समजत नाही, असे मी पस्तीस वर्षे मुलांना सांगत आलो.

एक्सल सैल केला, मडगार्डचे बोल्ट सैल केले, पुढचा ब्रेक धरला आणि हँडल दाबू लागलो. वस्ताद मोजत होते. “येक... दोन... कोपर वाकवू नका, जोर गाडीनं काढायचं हाय!” चौथ्याला पायांची कुरकुर थांबली. सातव्याला गाडी खोलवर गेली आणि आवाज न करता सावकाश वर आली. दहा झाल्यावर सगळे पुन्हा आवळले.

सोमवारी आई कमरेला पट्टा बांधून बाहेर आली ती हातात नवा काळा दोरा घेऊनच.

मी जुना दोरा खिशातून काढून तिच्या हातावर ठेवला. तिने बोटावर घासून बघितला.

“ही तर कानस हाय.”

“हिनंच पाइप घासला. म्हणून तेल गळत होतं.”

“म्हंजी माजी कंबर मीच मोडली व्हय?”

“दोऱ्यानं.”

“दोरा काय आपल्या पायानं चालत आला?” तिने नवा दोरा बोटाला गुंडाळला, सोडला. “मग ह्यो कुठं बांधू?”

“गुरुजींच्या पायात बांधा, आक्का,” लिंबाखालून वस्ताद म्हणाले. “तितं तेल न्हाय.”

आई ओट्यावर बसली. मी उजवा पाय वर ठेवला. तिने दोन गाठी मारल्या.

निघालो. पहिला गतिरोधक गेला, दुसरा गेला. मागून काही ऐकू येईना. कमान आली, माजी सभापतींचा बंगला आला. हँडल खाली गेले, सावकाश वर आले. पुष्कळ पुढे गेल्यावर माझ्या पाठीत बोट टोचले.

“मास्तर, त्येंच्या दारातला उंचवटा काढला का काय कुणी?”

“आहे तिथंच आहे. मघाशीच गेला.”

“आगं बाई! शिव्या द्यायच्या राहिल्या की.”

“येताना दे.”

“येताना न्हाय, दमलेली आसते,” आई म्हणाली. “गुरुवारी देते.”