साडेचारची एक ओळ

परवा सकाळी कर्वेनगरला कॉलेजात पोहोचले, तर ऑफिसात गोंधळ... प्रवेश अर्जांचा अख्खा फोल्डर सर्व्हरवरून गायब! बॅकअपमधून मी तो तासाभरात परत आणला, पण तोवर गुन्हेगार ठरलाही होता. अर्ज भरून घेणाऱ्या ऑपरेटर, नसरीनताई. कॉन्ट्रॅक्टवरच्या, म्हणजे काढून टाकायला सोयीच्या.

पूर्वी आमच्या सर्व्हरला एकच पासवर्ड होता आणि तो सगळ्यांना ठाऊक. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला, वर स्वस्तिकही काढलेलं! सर्व्हर सांभाळायचं काम माझं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी तो पासवर्ड बंद केला आणि प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन दिलं.

शिवाय लॉगची, म्हणजे कोण आलं नि काय केलं या सर्व्हरच्या रोजनिशीची, प्रत त्याच क्षणी एका जुन्या मशीनवर जाईल अशी सोय केली. तिथलं खोडायची मुभा कुणालाच नाही... मलाही नाही. "आमच्यावर विश्वास नाही वाटतं?" असं विभागप्रमुख सरांनी तेव्हा ऐकवलं होतं.

तर परवा सर्व्हरवरचा लॉग उघडला. आदल्या संध्याकाळचा एक तास चक्क कोरा! मग जुनं मशीन उघडलं.

नसरीनताई साडेचारला लॉगआउट झालेल्या. फोल्डर उडाला पाच वाजून दहा मिनिटांनी, लॉग पुसला पाच-बाराला... आणि दोन्हींपुढे नाव विभागप्रमुख सरांचं.

"अहो, सर्व्हरवर जागा करताना चुकून झालं. ते तेवढं काढून टाका," सर म्हणाले. चुकीचा राग नव्हता हो. एका बाईच्या पोटावर पाय येतोय आणि हे गप्प बसलेत, याचा संताप आला.

"काढता येत नाही सर. आणि येत असतं, तरी काढलं नसतं," मी म्हटलं. सबंध लॉगची प्रिंट प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यात मीही होते, सकाळी चार वेळा पासवर्ड चुकवलेली... राहू दे म्हटलं.

नसरीनताईंचं काम टिकलं. पासवर्ड पुन्हा एकच ठेवा, असा मला तोंडी निरोप आलाय. लेखी द्या म्हटलं... अजून आलेलं नाही.

काल नसरीनताई आल्या. "मॅडम, माझी ती साडेचारची ओळ छापून द्याल?" दिली. आज बघते तर लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवलीये, आयकार्डाच्या शेजारी.

विश्वासाचं विचारत होतात ना, सर? हा घ्या.