आईची दोन नावं आणि माझा दुसरा पासपोर्ट

माझी आई आयर्लंडमध्ये, कॉर्क शहरात जन्मली. आजोबा डॉक्टर होते, तिथल्या हॉस्पिटलात पुढचं शिकायला गेले होते, आजी सोबत होती. आई दीड वर्षाची झाली आणि सगळे मिरजेला परत आले. आईला तिथलं काही म्हणजे काही आठवत नाही. आमच्या न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या घरी नवे पाहुणे आले की बाबा म्हणायचा, "आमची ही आयरिश आहे बरं का!" पाहुणे हसायचे, आई पोहे वाढायची, विषय संपायचा.

एवढ्या वर्षांत त्या विनोदाच्या आत एक कायदा बसलाय, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. तेव्हा आयर्लंडमध्ये जन्मलेलं मूल आयरिश, आणि त्या मुलाचं मूल जगात कुठेही जन्मलं तरी आयरिश. म्हणजे न्यू जर्सीत जन्मलेली मी पाळण्यात होते तेव्हापासून दोन देशांची नागरिक होते. फक्त मला कळवायचं राहून गेलं होतं. मी भाडेकरूंच्या संघटनेत काम करते. लोकांना त्यांचे हक्क माहीत नसतात म्हणून घरमालक त्यांना नाचवतात, हे मी पत्रकांवर इतक्यांदा छापलंय की झोपेतही लिहीन. आणि स्वतःच्या बाबतीत हे! मला लाज वाटली आणि रागही आला.

कळलं तेही कामामुळेच. डब्लिनमधल्या एका भाडेकरू संघटनेने मला नोकरी देऊ केली. मला हवी होती तशीच: दारोदार जायचं, लोक गोळा करायचे, पत्रकं लिहायची. फक्त व्हिसाचं काही करणं त्यांना जमणार नव्हतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला हजर झालीस तर जागा तुझी, नाहीतर आम्ही दुसरं माणूस घेऊ, असं त्यांनी सरळ सांगितलं. सरळ बोलणारी माणसं मला आवडतात. व्हिसाचे नियम वाचायला बसले, तेव्हा तो कायदा समोर आला. मी मार्चमध्ये पासपोर्टचा अर्ज टाकला: माझा जन्मदाखला, आईचा कॉर्कचा जन्मदाखला, आई-बाबांच्या लग्नाचा दाखला.

मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला ही बातमी फुटली. शेजारचे काका श्रीखंडाची वाटी हातात घेऊन म्हणाले, "त्यात काय एवढं? आमच्याकडेही आहे की ड्युअल सिटिझनशिप. ओसीआय!"

"काका, तो भारताचा जन्मभराचा व्हिसा आहे. त्यावर तुम्हाला तिकडे मत देता येत नाही."

"मत इथे तरी कुठे देतो?" काका म्हणाले.

मी तिथल्या तिथे त्यांच्या मोबाइलवर मतदार नोंदणीचा फॉर्म उघडून दिला. काकू म्हणाल्या, "अगं, त्यांना आधी जेवू दे."

जूनमध्ये पासपोर्ट कचेरीचं पत्र आलं. सभ्य, दोन परिच्छेदांचं. त्याचा अर्थ असा की, कॉर्कच्या दाखल्यावरची मुलगी आणि लग्नाच्या दाखल्यावरची बाई एकच आहे, याचा त्या काळातला कागद पाठवा. सोबत आईचं शपथपत्रही जोडा.

मी दोन्ही दाखले शेजारी ठेवून पाहिले आणि पत्र लिहिणाऱ्या माणसाला मनातल्या मनात सलाम केला. त्याचं काही चुकलं नव्हतं. मराठी लग्नात काय होतं हे त्याला कोण सांगणार? बापाचं नाव जातं तिथे नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, हे एक वेळ जगाला कळतं. पण आमच्याकडे ताटात तांदूळ पसरून, त्यात अंगठीने नवं नाव लिहून, बाईचं पहिलं नावसुद्धा बदलतात. संध्याकाळी ती नव्या नावाची होते, आणि हे कुठल्याही सरकारला कळवायची कोणाला गरज वाटत नाही.

त्यावर आमच्या मोठ्या काकांनी, बाबाच्या थोरल्या भावाने, कळस चढवला होता. लग्नाची नोंदणी लग्नात झालीच नव्हती. बाबाला अमेरिकेचा व्हिसा लागला तेव्हा, वर्षभराने, काकांनी घाईघाईने फॉर्म भरला. 'वधूचे विवाहापूर्वीचे नाव' या रकान्यात त्यांनी आईचं नवं नाव लिहिलं, आणि पुढे तिच्या वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. म्हणजे लग्नाआधी जे नाव नव्हतंच, ते लग्नाआधीचं. अशी बाई पृथ्वीवर कधी जन्मलीच नव्हती. आणि तिची मुलगी म्हणून मी पासपोर्ट मागत होते.

मी बाबाला धरलं. "तू काय म्हणून नाव बदललंस तिचं?"

"मी?" बाबा लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला. "मी फक्त अंगठी धरली होती. गुरुजींनी हात धरून लिहून घेतलं. माझं अक्षर तुला माहीत आहे."

"विनोद नकोय, बाबा. एका माणसाची ओळख पुसलीत तुम्ही."

"आईला विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. मला गरज वाटली नाही. मी बसले आणि शपथपत्राचा मसुदा लिहिला, आणि छान लिहिला. इंग्रजीत होता, पण मराठीत सांगायचं तर तिसरं वाक्य असं होतं: 'स्त्रीला वस्तू समजणाऱ्या एका पितृसत्ताक प्रथेनुसार, माझ्या संमतीशिवाय माझे जन्मनाव पुसून टाकण्यात आले.' पासपोर्ट कचेरीतल्या त्या भल्या माणसालाही जरा कळू दे, म्हटलं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. नोटरीची वेळ अकराची. आई चष्मा लावून गाडीत कागद वाचत होती. नोटरी बसतो त्या कुरिअरच्या दुकानासमोर गाडी लावली तरी ती उतरेना.

"यावर मी सही करणार नाही."

"आई, डेडलाइन आहे."

"असू दे. शपथेवर खोटं लिहून देऊ का? माझ्या संमतीशिवाय म्हणे! तू होतीस का तिथे?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या आजीने, बाबाच्या आईने, तीन नावं पाठवली होती. मी तिन्ही परत पाठवली. म्हटलं, मला हे चौथं हवं. रुसल्या थोड्या. मग तेच ठेवलं."

मी गाडी बंद केली. कारण एसी चालू ठेवून असलं ऐकता येत नाही.

तिचं पहिलं नाव कोणी ठेवलं, हे मला तेव्हा कळलं. आजोबांच्या बहिणीची, म्हणजे आईच्या आत्याची मुलगी सहा वर्षांची असताना तापाने गेली होती. त्यानंतर वर्षभरात कॉर्कला आई जन्मली. आजोबांनी बहिणीला बरं वाटावं म्हणून तिकडूनच तार केली, की तेच नाव ठेवतोय. आई मिरजेला आली ती थेट आत्याच्याच घरात, कारण आत्या माहेरीच राहायची आणि घर एकत्र होतं.

"मला कोणीही हाक मारली ना," आई म्हणाली, "की आत्या आधी दाराकडे बघायची. मग माझ्याकडे. रोज. मी शाळेतून यायचे, माझी आजी ओसरीवरून हाक मारायची, आणि आत्या बघायची दाराकडे. वाईट नव्हती गं ती. मला खूप जीव लावायची. पण चोवीस वर्षं मी दुसऱ्या कोणाचं तरी नाव वापरत होते. लग्नात म्हटलं, आता माझं मी घेते."

दुकानातून एक बाई मोठं खोकं घेऊन बाहेर आली, आमच्यासाठी दार उघडं धरून थांबली, आम्ही हललो नाही तेव्हा खांदे उडवून गेली.

माझ्याकडे त्या प्रथेविरुद्ध अजूनही दहा मुद्दे आहेत आणि दहाही खरे आहेत. ज्यांना विचारलं गेलं नाही अशा बायका चिक्कार आहेत. माझ्या दोन मावश्या त्यात आहेत. पण हे शपथपत्र माझ्या आईचं होतं. लोकांच्या वतीने बोलण्याआधी त्यांना विचारायचं, हे मी नव्या कार्यकर्त्यांना पहिल्याच दिवशी शिकवते. स्वतःच्या आईला मी अकरा वाजता, नोटरीच्या दारात, सही मागताना विचारत होते.

"मग काय लिहू?" मी विचारलं.

"मी लग्नात नाव बदललं, एवढंच लिही. मी. आणि ते वस्तू-बिस्तू काढ."

दुकानातल्याच कॉम्प्युटरवर मी वाक्य बदललं. आईने सही केली, नोटरीने शिक्का मारला. तिला परत गाडीत बसवताना मी म्हटलं, "पण त्या काळातला कागद कुठून आणायचा? दोन्ही नावं एकत्र असलेला?"

आई पट्टा लावता लावता म्हणाली, "शाळेत असेल."

लग्नाच्या आधी दोन वर्षं आणि नंतर एक वर्ष ती मिरजेला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. लग्नाच्या रजेवरून परतली तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी तिला उभं केलं होतं. "हजेरीवर ही कोण नवीन आली? जुन्या बाईंचा राजीनामा नाही माझ्याकडे," असं म्हणाल्या आणि तिच्या सेवापुस्तकात, म्हणजे नोकरीच्या नोंदवहीत, त्यांनी स्वतःच्या हाताने नावबदलाची नोंद केली होती.

मामाला फोन केला. तो मिरजेलाच असतो. दोनदा शाळेत जाऊन आला. दोन्ही वेळा कपाटाची किल्ली असलेले क्लार्क रजेवर होते. तिसऱ्या खेपेला त्याने शाळेतूनच व्हिडिओ कॉल लावला. पिवळी पडलेली वही, आणि जांभळ्या शाईत सरळ ओळीत लिहिलेलं: विवाहामुळे नावात बदल. जुने नाव अमुक, नवीन नाव तमुक. तारीख, सही, शाळेचा गोल शिक्का.

"बाईंचं अक्षर!" आई ओरडली. "वेलांटी बघ कशी काढायच्या!"

"ताई, वेलांटी राहू दे," मामा म्हणाला. "झेरॉक्स साक्षांकित हवीय ना? आत्ताच्या मुख्याध्यापकांची सही घेतो. ते म्हणतायत, आयर्लंडला आमचा शिक्का जाणार म्हणजे नवीन पॅड आणतो."

इंग्रजी भाषांतर करून घेतलं, सगळं पाठवलं आणि जुलै संपत आला. मी रोज ऑनलाइन स्टेटस बघायचे. डब्लिनहून एकदा मेल आला, काही कळलं का? मी लिहिलं, अजून नाही. त्या दिवसांत मी घरात कोणाशीच नीट बोलले नाही. बाबा मला न विचारता गाडी धुवून ठेवायचा. ही त्याची पद्धत.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पाकीट आलं. मी स्वयंपाकघरात उभ्या-उभ्याच फोडलं. पासपोर्ट खरोखर आत होता. मी डब्लिनला मेल केला, येतेय म्हणून, आणि मग बसले.

आईने ओल्या हातांनी नको म्हणून आधी हात पुसले. मग पासपोर्ट घेतला आणि पान उलटून पाहिलं. परत पहिल्या पानावर आली. शेवटचं पान पाहिलं. तिला सवय भारताच्या पासपोर्टची, ज्यात आई-वडिलांची नावं छापलेली असायची.

"मी कुठेय?" ती म्हणाली.

"काय?"

"माझं नाव. कोणतंच नाहीये यात. जुनंही नाही, नवंही नाही."

मी घेऊन बघितलं. खरंच नव्हतं. आयरिश पासपोर्टवर आई-वडिलांची नावं छापतच नाहीत.

माझं डोकं सणकलं. "हे काय? जिच्यामुळे मिळाला तिचं नावच नाही? मी त्यांना लिहितेच."

"लिही, लिही," बाबा म्हणाला. "आत्ताच आयरिश झालीस, लगेच तक्रार!"

आई हसत होती. ती खुर्ची ओढून माझ्या लॅपटॉपसमोर बसली.

"ते नंतर लिही. आधी मला फॉर्म काढून दे. मी जन्मलेय तिथे, तुझ्याआधी माझा हक्क आहे. आणि नावाचा रकाना मी भरणार. तू हात लावायचा नाही."